पवित्र आत्मा म्हणजे नक्की कोण? की नक्की काय?

आळशी_अभ्यासू

सध्या पंडिता रमाबाईंबद्दल हाताला लागेल ते वाचतोय. त्यात एक गोष्ट सगळीकडे येते की १९०५ साली केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये (अनाथ मुलींचा आश्रम) मुलींवर पवित्र आत्मा उतरला, आणि लेखक लगेच पुढच्या प्रकरणावर. जणू वाचणाऱ्याला सगळं ठाऊकच आहे. मला तर नाही ठाऊक, म्हणून हा धागा.

म्हणजे बघा, पिता कळतो, जग निर्माण करणारा वगैरे. पुत्रही कळतो, येशूची जन्मापासून क्रुसापर्यंत गोष्ट आहे, तो बोलतो, रडतो, लोकांच्या घरी जेवायला जातो. हा तिसरा मात्र हातात सापडतच नाही. याला चेहरा नाही, गोष्ट नाही, चर्चमधल्या चित्रात बघावं तर कबूतर. माझ्या डोक्यात तीन अंदाज आहेत आणि तिन्ही आपापसात भांडतायत. एक म्हणजे ही देवाची शक्ती, एनर्जी टाइप काहीतरी. नाहीतर मग आपण जीवात्मा-परमात्मा म्हणतो त्यातलाच प्रकार, प्रत्येकाच्या आत असलेला देवाचा अंश. आणि केडगावची वर्णनं वाचून वाटलं ते असं की हे सरळसरळ आपल्याकडचं अंगात येणं आहे. यातलं कुठलं बरोबर, का तिन्ही चूक? आणि तो देवच असेल तर बायबलमध्ये तसं स्वच्छ लिहून का नाही टाकलं, एवढा घोळ कशाला?

धर्मांतर, मिशनरी, परदेशी पैसा हे विषय कृपया इथे नकोत, त्यासाठी दुसरे शंभर धागे आहेत. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बोळिंजकर

आमच्या वसईत धर्मशिक्षणाच्या वर्गात कुठलं ना कुठलं पोर हा प्रश्न विचारतंच, आणि शिकवणाऱ्याची तारांबळ उडते, त्यामुळे तुम्ही एकटे नाही.

आधी थेट उत्तर. चर्चची शिकवण अशी की पवित्र आत्मा ही शक्ती नाही, तो 'कोणीतरी' आहे. त्याला इच्छा आहे, तो बोलतो, त्याला दुखावता येतं. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय १३ काढा. अंत्युखियातली मंडळी उपास-प्रार्थना करतायत आणि आत्मा म्हणतो की बर्णबा आणि शौल यांना माझ्या कामासाठी बाजूला काढा. पंधराव्या अध्यायात यरुशलेमच्या सभेचं पत्र आहे, त्यात तर पवित्र आत्म्याला आणि आम्हाला असं असं योग्य वाटलं असं लिहिलंय, म्हणजे सभेला हजर असलेल्या माणसासारखी त्याची नोंद आहे. पौल (वरचा शौल तोच, नव्या करारातली बरीच पत्रं त्याची) इफिसकरांना सांगतो आत्म्याला खिन्न करू नका. आता एनर्जीला कोण कसं खिन्न करणार? तुमच्या घरी ते यहोवाचे साक्षीदार कधी आले असतील तर ते मात्र तुमच्या पहिल्या अंदाजाशी सहमत होतील, त्यांच्या मते ती देवाची कार्यशक्ती. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंट चर्च याला नाही म्हणतात.

दुसरं, तुम्ही चेहरा शोधताय. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शेवटच्या रात्री शिष्यांना सांगतो की मी जातोय पण पिता दुसरा कैवारी देईल, तो कायम तुमच्याजवळ राहील, तो माझं गौरव करील, माझंच घेऊन तुम्हाला सांगेल. म्हणजे त्याचं कामच दुसऱ्याकडे बोट दाखवायचं, स्वतः पुढे यायचं नाही. चेहरा कुठून दिसणार.

तो काय करतो हे बघायचं तर पुस्तक सोडा आणि मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येऊन मागच्या बाकावर बसा. फादर वेदीवरच्या भाकरीवर आणि द्राक्षारसावर दोन्ही हात पसरतात, तळवे खाली, आणि पित्याला विनवतात की तुझा आत्मा यांच्यावर पाठव. किंवा दृढीकरणाचा विधी बघा. मोठी झालेली पोरं रांगेत, मागे गॉडपेरेंट खांद्यावर हात ठेवून उभे, बिशप अंगठ्याने कपाळावर तेलाचा क्रूस काढतात आणि सांगतात की पवित्र आत्म्याच्या दानाची मुद्रा घे. हे तेल ऑलिव्हचं, त्यात सुगंधी बाल्सम घालतात, पवित्र आठवड्यात बिशप ते सगळ्या धर्मप्रांतासाठी एकदाच आशीर्वादित करतात आणि तेव्हा भांड्याच्या तोंडावर वाकून त्यात श्वास सोडतात. लांबून कळतही नाही काय केलं ते. पुनरुत्थानानंतर येशूने शिष्यांवर श्वास टाकला आणि पवित्र आत्मा घ्या म्हणाला, तिथून आलंय ते.

बाकी इतिहासाचं किडा साहेब सांगतीलच, ते आल्याशिवाय राहणार नाहीत.

इतिहासाचा_किडा

आलो. 'एवढा घोळ कशाला' याचं उत्तर जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

इ.स. ३२५ ला निसेयाला बिशपांची परिषद झाली. तिथे भांडण पुत्रावरून होतं, एरियस म्हणत होता पुत्र हा निर्माण केलेला आहे, परिषदेने ते फेटाळलं. तिथे जो मतांगीकार (आम्ही काय मानतो याचा ठरलेला मजकूर) ठरला त्यात पित्यावर वाक्य, पुत्रावर भलामोठा परिच्छेद, आणि शेवटी नुसतं 'आणि पवित्र आत्म्यावर'. बस. पुढे विरोधकांना शाप. आत्मा कोण, कुठून आला, त्याची पूजा करायची का, एक अक्षर नाही, कारण तो प्रश्न तेव्हा टेबलावर नव्हताच.

तो आला ३५९-६० च्या सुमाराला, इजिप्तमध्ये. थ्मुइसचा बिशप सेरापियन याने अलेक्झांड्रियाचा बिशप अथानेसियसला कळवलं की इथे काही लोक आहेत, पुत्र देव आहे हे मानतात पण आत्मा म्हणजे देवदूतांपैकीच एक, जरा वरच्या दर्जाचा, असं म्हणतात. अथानेसियस तेव्हा सम्राटाच्या माणसांपासून लपत वाळवंटात संन्याशांच्या आश्रयाला होता, तिथून त्याने पत्रं लिहिली. त्याचा मुद्दा असा की जो बाकी सगळ्यांना पवित्र करतो तो स्वतः पवित्र केला जाणाऱ्यांपैकी असू शकत नाही. आणि बाप्तिस्मा पिता, पुत्र आणि आत्मा या तिघांच्या नावाने देता ना? मग त्यात दोन देव आणि एक नोकर असं कसं चालेल?

पण खरी मजा बेसिलची. हा केसरियाचा बिशप, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं कायसेरी. ३७४ च्या सप्टेंबरात एका हुतात्म्याचा सण होता, मोठी गर्दी, आणि प्रार्थनेच्या शेवटी जी स्तुती म्हणतात ती बेसिलने दोन प्रकारे म्हटली. एकदा नेहमीसारखी, पित्याला गौरव असो पुत्राच्या द्वारे पवित्र आत्म्यामध्ये. आणि एकदा, पित्याला गौरव असो पुत्रासह आणि पवित्र आत्म्यासह. झालं, तिथल्या तिथे लोकांनी धरला, हे काय नवीन, आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध कसं बोलता. कारण विरोधकांचं म्हणणं असं की 'पासून' पित्यासाठी, 'द्वारे' पुत्रासाठी आणि 'मध्ये' आत्म्यासाठी राखीव आहे, विभक्ती वेगळी म्हणजे जातकुळी वेगळी, आत्म्याला 'सह' लावलंत की त्याला पित्याच्या पंगतीला बसवलंत. बेसिल म्हणाला हो, तिथेच बसवतोय. आणि आत्म्यावर अख्खं पुस्तक लिहून टाकलं.

मला त्या पुस्तकात आवडतं ते हे की त्याचा शेवटचा पुरावा तत्त्वज्ञानाचा नाहीच. आधी तो शास्त्रातली वचनं देतोच, हे 'पासून-द्वारे-मध्ये' बायबलमध्ये तिघांनाही कसंही लावलेलं सापडतं म्हणून दाखवतो. पण नंतर तो म्हणतो की लोक काय करत आलेत ते बघा. तो दाखला देतो दिवेलागणीच्या स्तोत्राचा. संध्याकाळी घरात दिवा आणला की लोक एक जुनं स्तोत्र म्हणायचे, त्यात पिता, पुत्र आणि देवाचा पवित्र आत्मा यांची एकत्र स्तुती आहे. हे कोणी रचलं सांगता येत नाही, पण पिढ्यानपिढ्या म्हणतात आणि कोणाला त्यात पाखंड दिसलं नाही. म्हणजे त्याचं म्हणणं असं की जसा बाप्तिस्मा घेतलाय तसा विश्वास ठेवा आणि जसा विश्वास आहे तशी स्तुती करा. सिद्धांत नंतर आला, लोक आधीपासून त्याला हाक मारतच होते.

आता यातली गोम. एवढं सगळं लिहून बेसिलने त्या पुस्तकात आत्म्याला थेट 'देव' असं म्हटलेलं नाही! मुद्दाम. त्याला उचलबांगडी करायला विरोधक टपलेले होते आणि वरचा सम्राट व्हॅलेन्स त्यांच्याच बाजूचा. त्याच्या मित्राचं, नाझियान्झसच्या ग्रेगरीचं, एक पत्र आहे, एका मेजवानीत एक संन्यासी सगळ्यांसमोर म्हणाला की बेसिल पित्या-पुत्राबद्दल झकास बोलतो पण आत्म्याचा विषय आला की नदीसारखा खडक टाळून बाजूने जातो. ग्रेगरीने तिथे मित्राची बाजू घेतली, तो पदावर टिकणं जास्त महत्त्वाचं आहे म्हणून, पण बेसिलला पत्र लिहून सगळं कळवलंच. बेसिलला ते पत्र झोंबलं.

बेसिल ३७९ ला वारला. पुढच्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपलमध्ये ग्रेगरीने पाच प्रसिद्ध प्रवचनं दिली, त्यातल्या पाचव्यात तो स्वतःच प्रश्न विचारतो, आत्मा देव आहे का? अगदी निश्चित. मग पित्याच्याच सत्त्वाचा आहे का? देव असेल तर आहेच. विषय संपला. आणि तुमच्या शंकेचं उत्तरही त्याच प्रवचनात आहे, बायबलमध्ये स्वच्छ का नाही. तो म्हणतो जुन्या करारात पिता उघड होता आणि पुत्र अंधुक, नव्या करारात पुत्र उघड झाला आणि आत्म्याची चाहूल लागली, आता आत्मा आपल्यात राहतोय आणि स्वतःला स्पष्ट करतोय. माणसाच्या डोळ्याला एकदम सगळा उजेड झेपत नाही म्हणून टप्प्याटप्प्याने. पटो न पटो, उत्तर धीट आहे, कारण याचा अर्थ असा होतो की शास्त्र लिहून पूर्ण झाल्यावरही समजून घेणं चालूच राहतं.

३८१ ला कॉन्स्टँटिनोपलची परिषद. १५० बिशप. आत्म्याला देव न मानणारे ३६ जण आले होते, मनधरणी झाली, जमलं नाही, ते निघून गेले. मतांगीकारात आत्म्याबद्दलचं वाक्य वाढलं, प्रभू आणि जीवनदाता, पित्यापासून निघणारा, पित्याबरोबर आणि पुत्राबरोबर ज्याची आराधना आणि गौरव होतं, जो संदेष्ट्यांच्या द्वारे बोलला. नीट बघा, इथेही 'देव' हा शब्द नाही, बेसिलचीच पद्धत वापरलीय, आराधना होते म्हटलं की आलं सगळं त्यात. ग्रेगरीला हे मिळमिळीत वाटलं. तो त्या परिषदेचा काही काळ अध्यक्ष होता, मग वैतागून राजीनामा देऊन गावी गेला आणि नंतर बिशपांच्या सभांबद्दल आयुष्यभर वाईट बोलत राहिला.

तर्कट

थोडक्यात काय, सम्राटाने बोलावलेल्या १५० लोकांनी ठरवलं की तिसरापण देव. कमिटीने पास केलेला देव. चालू द्या.

इतिहासाचा_किडा

तर्कटराव, सम्राटाच्या मर्जीने ठरलं असतं तर उत्तर उलटं आलं असतं. कॉन्स्टँटियस आणि व्हॅलेन्स, दोघेही निसेयाच्या विरोधकांच्या बाजूचे, दोघांची मिळून कितीतरी वर्षं सत्ता, अथानेसियसची पाच वेळा हकालपट्टी झाली आणि व्हॅलेन्सने बेसिलचा प्रांत मधोमध तोडून त्याचं बळ कमी केलं. थिओडोसियस गादीवर आला तो ३७९ ला, म्हणजे बहुतेक युक्तिवाद लिहून झाल्यावर. त्याने शिक्का मारला हे खरं, आणि शिक्का मारताना दांडगाई केली हेही खरं.

आळशी_अभ्यासू

किडा साहेब, दंडवत. बोळिंजकर, श्वासाची गोष्ट भारी आहे, माहीतच नव्हती.

म्हणजे शक्तीवाला अंदाज बाद. पण मग दुसरा? हा आत राहतो म्हणता, देव आहे म्हणता, मग हे आपल्याकडच्या परमात्म्यापेक्षा वेगळं कसं? आत्मा हा शब्दपण तोच वापरताय.

नगरी_मिरची

हे मला सांगू द्या, आमच्या नगरच्या चर्चमध्ये यावर आख्खे संडे स्कूल भांडून उठलेत.

वेगळं आहे, आणि फरक मुळातच आहे. वेदान्तात आत्मा हा तुमचा स्वतःचाच खरा गाभा, तो आहेच, फक्त ओळखायचाय. ख्रिस्ती शिकवणीत माणसाचा आत्मा वेगळा आणि पवित्र आत्मा वेगळा, पहिला निर्माण केलेला, दुसरा निर्माण करणारा. तो तुमच्यात येतो, राहतो, तुमचं शरीर त्याचं मंदिर आहे असं पौल म्हणतो, पण तो तुम्ही होत नाही आणि तुम्ही तो होत नाही. मंदिरात देव असतो म्हणून कोणी भिंतीला देव म्हणत नाही ना. तो दान म्हणून मिळतो. रोमकरांच्या पत्रात आठव्या अध्यायात तर फार सुंदर आहे, की आपल्याला प्रार्थना कशी करावी तेही कळत नाही तेव्हा आत्मा आपल्यासाठी शब्दांत न येणाऱ्या कण्हण्याने विनंती करतो. म्हणजे माझ्या आत बसून कोणीतरी माझ्यावतीने देवाशी बोलतंय. अद्वैतात हे वाक्य बसवून दाखवा.

तरी पूल बांधायचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. बंगालमध्ये ब्रह्मबांधव उपाध्याय, जन्म १८६१, ब्राह्मण, पुढे कॅथलिक झाले आणि तरी भगवे घालत. १८९८ मध्ये त्यांनी संस्कृतात सच्चिदानंदाचं वंदनगीत लिहिलं, पिता म्हणजे सत्, पुत्र म्हणजे चित् आणि पवित्र आत्मा म्हणजे आनंद. तमिळनाडूत कावेरीच्या काठी १९५० मध्ये दोन फ्रेंच धर्मगुरूंनी शांतिवनम नावाचा आश्रम काढला त्याचं नावच सच्चिदानंद आश्रम. मला स्वतःला त्यातलं 'आनंद' आवडतं, कारण ऑगस्टीन पण साधारण तिकडेच जातो, त्याच्या मते आत्मा म्हणजे पिता आणि पुत्र यांच्यातलं प्रेम. पण मग तो कोणीतरी आहे का दोघांच्यातलं नातं, हा प्रश्न परत येऊन बसतोच डोक्यावर. नातं बोलतं का? बर्णबाला बोलावतं का? ऑगस्टीनला यावर पंधरा भागांचा ग्रंथ लिहावा लागला, मी इथे काय सोडवणार.

आता अंगात येणं. गैरसमज करून घेऊ नका पण ही तुलना आमच्या चर्चमधले काही लोकपण करतात आणि नव्या फेलोशिपांच्या सभा बघून करतात, सगळे थरथरतायत, कोणी पडतंय, माईकवर कोण काय बोलतंय कळत नाही. यावर पौलाने करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र, अध्याय १२ ते १४, एकदा बसून वाचाच. करिंथमध्ये हेच चालू होतं. तो बंदी घालत नाही, मी पण अन्य भाषा (प्रार्थनेत तोंडून निघणारे अनोळखी बोल) बोलतो म्हणतो. पण नियम लावतो. दोघांनी, फार तर तिघांनी बोलायचं, एकेकाने, आणि अर्थ सांगणारा असेल तरच, नसेल तर गप्प बसायचं. मंडळीत समजून बोललेले पाच शब्द हे न समजणाऱ्या दहा हजार शब्दांपेक्षा बरे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या ताब्यात असतात, म्हणजे 'माझा माझ्यावर ताबाच नव्हता हो' ही सबब चालणार नाही. अंगात आलं की माणूस बाजूला होतो आणि देवी बोलते. इथे माणूस जागेवर राहतो, शुद्धीवर राहतो आणि उद्या त्याला जाब विचारता येतो. खूण कुठली तर गलतीकरांस पत्रातली, प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. यात पडणं नाही, किंचाळणं नाही. सभेत तीन तास डोलून घरी जाऊन सुनेला बोल लावणारी बाई मला कोणी आत्म्याने भरलेली म्हणून दाखवू नये.

तर्कट

सुनेचं पटलं. पण मग केडगावला काय झालं ते सांगा ना. दुष्काळातून उचलून आणलेल्या अनाथ पोरी, एका ठिकाणी शेकडो, रात्रंदिवस प्रार्थना, एकीला काहीतरी झालं की बाकीच्यांना होणारच. मास हिस्टेरिया म्हणतात याला.

नगरी_मिरची

तुमच्याआधी हे तेव्हाच्या मिशनऱ्यांनीच म्हणून ठेवलंय, त्यामुळे नवीन काही नाही.

झालं ते असं. वेल्समध्ये १९०४ पासून मोठं धार्मिक जागरण चालू होतं, मेघालयातल्या खासीच्या डोंगरांतही ते पोचलं होतं, बातम्या येत होत्या. १९०५ च्या सुरुवातीला रमाबाईंनी मुलींना विचारलं की रोज प्रार्थनेला कोण जमेल, सत्तर जणी तयार झाल्या, आकडा वाढत पाचशेच्या वर गेला. जूनच्या अखेरीस एका पहाटे वसतिगृहात एका मोठ्या मुलीला जाग आली, ती प्रार्थना करू लागली, शेजारी झोपलेलीला वाटलं हिच्या अंगाला आग लागलीय, ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली आणि ओतणार तेवढ्यात लक्षात आलं की ही जळत नाहीये. हे मिनी एब्रम्स यांनी लिहून ठेवलंय, त्या तिथे रमाबाईंबरोबर काम करायच्या. आता यात खरं काय, भास काय, मी कोण सांगणार. पण ती बादली मला फार खरी वाटते. साक्ष रंगवून सांगणाऱ्याला बादली सुचत नाही.

पुढे मुली तासन् तास रडत पापं कबूल करत होत्या, मोठ्याने एकाच वेळी प्रार्थना करत होत्या, आणि बाहेरच्या गोऱ्या मिशनऱ्यांना हा गोंधळ आवडला नाही. रमाबाईंचं उत्तर असं की भारतीय माणसांचं जागरण त्यांच्या स्वभावाला आणि भावनांना धरूनच होऊ द्या, त्याला पाश्चात्त्य शिस्तीत बसवू नका. हे लक्षात घ्या कोण म्हणतंय. या बाईंनी १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर तिथल्या सिस्टरांशी आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून त्रैक्यावरच (पिता, पुत्र, आत्मा मिळून एकच देव या शिकवणीवर) जोरदार वाद घातला. मला बायबलमध्ये दिसतं तेवढं मानेन, तुमचं चर्च सांगतं म्हणून मानणार नाही, असा सूर. पंडिता होत्या, शास्त्रार्थ करत वाढलेल्या, हिस्टेरियाला भुलणारं ते डोकं नव्हतं. वाद घालून थकलेली बाई शेवटी अनुभवातून त्या तिसऱ्यापाशी आली, मला तरी असं वाटतं.

आणि हे लोकल प्रकरण राहिलं नाही. पेंटेकोस्टल चळवळीचा (आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या चर्चांचा) इतिहास लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटपासून सुरू करतात, एप्रिल १९०६. केडगाव त्याच्या आधीचं आहे. एब्रम्सबाईंनी १९०६ मध्ये आत्म्याच्या बाप्तिस्म्यावर एक पुस्तिका लिहिली, तिची प्रत त्यांनी चिलीतल्या वाल्पाराइसोला आपल्या जुन्या मैत्रिणीला पाठवली. मैत्रिणीचे यजमान, हूवर, तिथे मेथडिस्ट पाळक. नवरा-बायकोने ती वाचली आणि १९०९ ला तिथे जे उसळलं त्यातून चिलीतलं पेंटेकोस्टल चर्च उभं राहिलं. दौंड तालुक्यातून थेट दक्षिण अमेरिका.

तर्कट

बादलीवर मी विचार करीन. बाकी हिस्टेरिया म्हणजे खोटं असं मी म्हटलेलं नाही हां, कारण काय ते विचारत होतो.

आळशी_अभ्यासू

मिरचीताई, चिलीचं वाचून थक्क. केडगाव स्टेशनवरून कितीदा गेलो असेन, कधी उतरलो नाही.

एक शेवटची शंका. किडा साहेबांनी वर ३८१ चं वाक्य दिलं त्यात 'पित्यापासून निघणारा' आहे. माझ्या एका कॅथलिक मित्राच्या पुस्तकात 'पिता आणि पुत्रापासून' असं छापलंय. छपाईची चूक का?

इतिहासाचा_किडा

अहो, या तथाकथित छपाईच्या चुकीवरून पूर्वेचं ऑर्थोडॉक्स आणि पश्चिमेचं रोमन चर्च वेगळं झालं!

पटकन सांगतो. मूळ ग्रीक वाक्यात फक्त पित्यापासून, योहान १५:२६ मध्ये आहे तसं. स्पेनमध्ये एरियसच्या विचाराचे गॉथ राजे होते, तिथे पुत्र पित्यापेक्षा जराही कमी नाही हे ठासून सांगायची गरज होती. ५८९ मध्ये गॉथ राजा कॅथलिक झाल्यावर तोलेदोला परिषद झाली, तिथे आत्मा पिता आणि पुत्र दोघांपासून निघतो हे ठामपणे मांडलं गेलं. पुढे फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या दरबाराने ते उचलून धरलं. रोमने मात्र बराच काळ दाद दिली नाही. पोप तिसरा लिओ म्हणाला, विचार बरोबर आहे पण मतांगीकाराला हात लावायचा नाही, आणि मूळ मजकूर ग्रीक आणि लॅटिनमध्ये चांदीच्या पत्र्यांवर कोरून सेंट पीटर्समध्ये लावला. दोनशे वर्षांनी, १०१४ ला, जर्मन राजा दुसरा हेन्री राज्याभिषेकाला रोममध्ये आला तेव्हा त्याच्या आग्रहाने तिथेही भर घातलेलाच पाठ सुरू झाला. चांदीचे पत्रे राहिले भिंतीवर.

१०५४ ला कार्डिनल हुंबर्टने कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफियात वेदीवर बहिष्काराचा कागद आपटला, त्यात एक आरोप असा की ग्रीकांनी मतांगीकारातून 'आणि पुत्रापासून' हे गाळलं. गाळलं! ज्यांनी कधी घातलंच नव्हतं त्यांनी.

ऑर्थोडॉक्सांचा आक्षेप दुहेरी आहे. सगळ्यांनी मिळून ठरवलेल्या वाक्यात एकट्याने भर का घातलीत, आणि दुसरं म्हणजे पिता हाच एकमेव उगम, तिथे दोन उगम केलेत तर आत्मा आपोआप तिसऱ्या नंबरवर ढकलला जातो. पश्चिमेचं म्हणणं की दोन उगम नाहीतच, पित्याकडे जे आहे ते सगळं त्याने पुत्राला दिलंय, आत्मा पाठवणंसुद्धा. मला विचाराल तर पहिल्या मुद्द्यावर ऑर्थोडॉक्स शंभर टक्के बरोबर, दुसऱ्यावर दोघे एकच गोष्ट दोन टोकांनी धरून ओढतायत.

आजची स्थिती अशी की कॅथलिक चर्चमध्येही ग्रीकमधून मतांगीकार म्हणताना ते शब्द घालत नाहीत, लॅटिनमध्ये, इंग्लिशमध्ये, मराठीत घालतात. तुमच्या मित्राचं पुस्तक बरोबर छापलंय.

बोळिंजकर

आम्ही लहानपणापासून 'पिता आणि पुत्र यांपासून' म्हणतोय, कोणी कधी बोललं नाही की यावरून एवढं रामायण झालंय. येत्या रविवारी फादरांना विचारतो, बघू काय म्हणतात.

नगरी_मिरची

विचारा आणि इथे येऊन लिहा. आमच्याकडे पण तसंच म्हणतात, प्रोटेस्टंटांनी पोपचं बाकी बरंच सोडलं, हे मात्र ठेवलं.